सासूबाईंच्या खोलीतली पाकोळी

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही महाडला भाड्याच्या कौलारू घरात राहत होतो. त्यासाठीच त्या गावाहून, उमरठहून आल्या होत्या; सासरे काही वर्षांपूर्वीच वारले होते. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे त्यांना काहीच दिसत नव्हतं. मधल्या खोलीत त्या दिवसभर उताण्या पडून असत.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वीज गेली. मी कंदील घेऊन आत गेले, तर त्या म्हणाल्या, "वारा घालत व्हतीस ना? थांबलीस कशाला?"

मी तर पडवीत शाळेच्या वह्या तपासत होते. नवरा कामावर. खोलीची खिडकी बंद होती.

"मी नव्हते, आई."

 त्यांनी चेहरा डावीकडे वळवला, तिथे कोणी उभं असावं तसा.

पुढच्या संध्याकाळीही वीज गेली आणि तेच. "आला गो वारा," त्या हळूच म्हणाल्या, आणि दारात उभ्या उभ्या माझ्या अंगावर काटा आला. घरात आम्ही दोघीच होतो.

तिसऱ्या संध्याकाळी वीज जाताच मी कंदील घेऊन त्यांच्या पायथ्याशीच बसले. थोड्या वेळाने भिंतीवरून सुपाएवढी सावली सरकली आणि गेली. आवाज काहीच नाही. पुन्हा आली, या वेळी उलट्या बाजूने.

"आई, खोलीत काहीतरी आहे."

त्यांनी श्वास रोखून कानोसा घेतला. "पाकोळी हाय," त्या म्हणाल्या. लहान वटवाघळाला त्यांच्या गावी पाकोळी म्हणतात. "कौलांतनं आली असंल. भिऊ नको."

तेवढ्यात नवरा घरी आला. मी सांगताच त्याने कोपऱ्यातला झाडू उचलला.

"झाडू ठेव रे," पलंगावरून आवाज आला. "ती बी घाबरलीय. सैपाकघराचं दार लाव, पडवीचं उघड, नि कंदील बाहेर ने. आपसूक जाईल."

मी त्यांच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर ओढली. तोंडावर घेऊ देईनात. मग आम्ही तिघं अंधारात थांबलो. मला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्यांना मात्र सगळं कळत होतं.

"आता तुज्या डोईवरनं गेली. आता माळ्याकडं. दाराशी गेली... नाय, फिरली." बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बसली. दोरीवर, माज्या लुगड्याला."

नवऱ्याने बॅटरी लावली. खरंच, वाळत घातलेल्या लुगड्याला अंगठ्याएवढा काळा जीव लटकला होता. कान थरथरत होते.

"उघड्या हातानं धरू नको," सासूबाईंनी बजावलं.

त्याने हाताला जाड टॉवेल गुंडाळून पाकोळीवर रिकामा डबा धरला. मी लुगडं आणि डबा यांच्यामधून कॅलेंडरचा पुठ्ठा हळूहळू सरकवला. डब्यात नखांची खरखर सुरू झाली.

"भुईवर ठेवू नको. तिला भुईवरनं उडायला जमत नाय. झाडाला लाव."

परसातल्या आंब्याच्या खोडाला डबा टेकवून त्याने पुठ्ठा काढला. पाकोळी सालीवरून वीतभर वर चढली, आणि पुढच्या क्षणी तिथे नव्हती.

वीज आल्यावर मी सासूबाईंचे हात, मान, पाय नीट पाहिले. कुठे ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना डॉक्टरांनाही सगळं सांगितलं. त्यांनीही तपासलं.

घरी परतल्यावर मी म्हटलं, "म्हणजे वारा तिचाच होता."

"कालचा तिचा," त्या म्हणाल्या. "पाकोळीचा वारा लागतो नि जातो. ती थांबत नाय गो. आधीचे दोन दिस कोण तरी उशाशी थांबून घालत व्हतं."

"कोण?"

त्यांनी पट्टीवरून हलकेच बोटं फिरवली. "तुज्या सासऱ्यांना मी आंधळी पडलेली बघवली नसती," एवढंच म्हणाल्या, आणि पाणी मागितलं.

आठवड्याने पट्टी सुटली. त्यांना चांगलं दिसायला लागलं आणि त्या उमरठला परत गेल्या. ती खोली आम्ही पुढे धान्य ठेवायला वापरली. वीज गेली की मी तिथे एकटी जात नसे.