ऊन दाखवलेला तुकडा

माझं काम ऐकून गावातले लोक आधी हसतात. नखाएवढा एक तुकडा, त्यात एकावर एक चढवलेली दोन ऑक्साइडं. दोन्ही पक्की कंजूष, एकट्यातून वीज म्हणून जात नाही. पण जिथं ती एकमेकांना चिकटतात, त्या सीमेवर मात्र वीज धावते. उजेड पडला की जास्तच धावते. म्हणून मोजणीआधी तुकडा बरेच दिवस अंधाऱ्या डबीत ठेवावा लागतो.

ती डबी पिशवीत घेऊनच मी तुमसरजवळच्या आमच्या घरी गेले, मायला नागपूरला माझ्याकडे आणायला. बाबा कोशाच्या रेशमी साड्या विणायचे. ते गेल्यावर आम्ही माग विकला. समोरच्या खोलीत बाबा पाय सोडून बसायचे तो मागाचा रिकामा खड्डा तेवढा उरला. माय मात्र जागची हलेना.

"रोज दुपारी माग चालते," म्हणे. "मी गेली तं त्याईचं आइकन कोन?"

मला राग आला आणि भीतीही वाटली. हिचं डोकं फिरलं तर एकटीला इथं ठेवायचं कसं? त्यात तिनं माझी डबी उघडून साड्यांसोबत अंगणात मांडली. "बंद वस्तूले ऊन दाखवा लागते, बाई." मी नको नको ते बोलले आणि तणतणत एकटीच परतले.

प्रयोगशाळेत तुकडा पुन्हा अंधारात ठेवला, तारा जोडल्या. वीज उन्हात धावावी तशी जास्तच धावत होती. कितीतरी दिवस उजेडाचा कण नाही, तरी धावतच होती. याचं कारण आम्हाला माहीत आहे. उन्हानं उठवलेल्या इलेक्ट्रॉनांना परत जागेवर जायची वाट लवकर सापडत नाही. तरी अंगावर काटा आला. ऊन तर केव्हाच गेलं होतं.

पुढच्या सुटीत पुन्हा गेले. दुपारी माय मागच्या अंगणात भांडी घासत होती, मी समोरच्या खोलीत पडले होते. खट्. जरा थांबून, खट्. मग लहानपणी जिच्यावर झोप लागायची ती लय. खड्ड्यात वाकून पाहिलं, नुसती धूळ. गल्लीत आता कुणाकडेच माग नाही. याचं कारण मला माहीत नव्हतं.

माय पदराला हात पुसत दारात आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुले बी आइकू आलं?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "हो माय."

ती रडेल असं वाटलं. पण तिनं कमरेची घराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि आपल्या साड्या पिशवीत भरायला घेतल्या.

"मंग आता तू आइकत जाय, बाई. मी लय थकली."