खाली बगू नको रं!

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मूळच्या गव्हाण गावच्या. विरजण मागायला येतात आणि आमच्या सोफ्यावर पाय वर घेऊन हक्काने बसतात. टीव्हीवर माझी जुनी अमेरिकन कार्टून्स चालू असली, तर विरजणाची वाटी बहुतेक इथेच विसरून जातात.

बोका कड्यावरून पुढे धावत जातो आणि हवेत उभा राहतो. तो क्षण किती ताणलाय, यावरून मी दिग्दर्शक ओळखते. काकू मात्र बोक्यावर ओरडतात, "खाली बगू नको रं! बगलास का मेलास!" बोका बघतो आणि पडतो. काकू आईच्या मांडीवर थाप मारतात. "वयनी, सांगितलं व्हतं ना मी याला?" आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते.

मी कितीतरी वर्षं आईला हीच कार्टून्स दाखवतेय, कोणता दिग्दर्शक कुठे थांबतो ते समजावतेय. ती म्हणते, "छान आहे हं." माझं मन राखायला. तिचं ते हसू माझ्या वाट्याला कधीच आलं नाही. काकूंना ते विरजणासारखं सहज मिळतं.

काल त्या आल्या नव्हत्या. मी मुद्दाम आईचं आवडतं कार्टून लावलं. बोका कड्याच्या पुढे गेला, तशी आई दाराकडे बघत म्हणाली, "थांबव गं जरा. त्यांना येऊ दे."

मी सहसा कोणाच्या दाराची बेल वाजवत नाही. बोक्याला हवेतच सोडून मी समोर गेले.

"काकू, चला ना," मी म्हणाले. "आई थांबलीय."