मिस्त्रींचं वेलबुट्टीचं दार

आमच्या शेजारच्या सुतार मिस्त्रींना सगळी गल्ली 'फिनिशिंग' म्हणते. जगात काहीही ओबडधोबड दिसलं की यांच्या जिवाची तगमग सुरू. एकदा तर माझ्या नाकावरही रंधा मारून देतो म्हणाले.

घरातला मेन स्विच असाच त्यांच्या डोळ्यांत खुपला. झालं! त्याच्यावर कपाट चढलं. वेलबुट्टी कोरलेलं दार, फटीत कागद शिरू नये इतकं घट्ट. आल्यागेल्याला पाण्याआधी ते दार दाखवायचे.

"आणि घाईत उघडायचं झालं तर?" मी विचारलं.

"भाऊ, तुम्ही आधी तुमच्या जिभेचं फिनिशिंग करा."

ड्रिल मशीनचीही तीच तऱ्हा. घरातल्या जुन्या बोर्डाला दोन भोकं आणि प्लगला तीन पिना. तिसरी, जाड पिन यांनी सरळ कापून टाकली. "मशीन दोनावरच फिरतं. ही नुसती शोभेची."

"मग शोभेची वस्तू तुम्ही कशी कापलीत?" त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या. मी मनातल्या मनात टाळी दिली.

त्या दिवशी सकाळी मी कुंपणाशी उभा होतो. म्हणजे डोकावत होतो, खोटं कशाला बोलू! वहिनींनी नुकतीच फरशी धुतलेली. मिस्त्री त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून दाराच्या चौकटीला भोकं पाडत होते. हातात लोखंडी बॉडीचं जुनं ड्रिल, वायरीला मशीनच्या तोंडाशी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि तोंडानं गाणं चालू.

गाणं मधेच तुटलं.

"काय मिस्त्री, सूर हरवला?" मी हसत म्हणालो.

मिस्त्रींचे दात आवळलेले, डोळे सताड उघडे, मुठी मशीनला चिकटलेल्या, सगळं अंग थरथरतंय. माझं हसू तोंडातच थिजलं.

वहिनी हात पुढे करून धावल्या.

"हात लावू नका!" मी असा किंचाळलो की माझाच आवाज मला ओळखू येईना. "मेन बंद करा वहिनी, मेन!"

त्या कपाटाकडे झेपावल्या. दार हलेना. फटीत नखं शिरेनात. मी कुंपणावर चढलो खरा, पण पाय तारेत अडकला. वहिनींनी जमिनीवरचा हातोडा उचलला आणि वेलबुट्टीच्या ऐन मधोमध घातला. परत घातला. फळी चिरफाळली, हात आत गेला, खट्!

मिस्त्री पोत्यासारखे कोसळले. मी पाय सोडवून आत धावलो. श्वास चालू होता. तळहात काळवंडले होते. मी डॉक्टरांना फोन लावला.

नंतर वायरमननं मशीन उघडून दाखवलं. आतली तार सुटून लोखंडाला टेकली होती. तिसरी पिन असती आणि बोर्डाला अर्थिंग असतं, तर करंट त्या वाटेनं जमिनीत उतरला असता आणि फ्यूज उडाला असता. ती वाटच नव्हती, म्हणून तो मिस्त्रींमधून उतरला.

पण हे नंतरचं. डॉक्टर यायच्या आधी मिस्त्रींनी डोळे उघडले, भिंतीवरच्या चिरफळ्यांकडे पाहिलं.

"दार... फोडलंस?"

"फोडलं. बसा आता त्याच्यासाठी रडत," वहिनी म्हणाल्या. हातोडा अजून त्यांच्या मुठीतच होता.

आणि वहिनींचा दुसरा हात धरून मिस्त्री खरंच हमसाहमशी रडायला लागले. मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो.