मरून रंग वाळेना

आखाजी उद्यावर आली होती आणि व्हॅनच्या सीटांचा रंग अजून बोटाला चिकटत होता. सकाळपासून मी सारखा अंगणात जायचो, सीटला बोट लावायचो आणि स्वतःवरच खेकसायचो.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. तिला आणायला भाऊ जातो, त्याला मूळ म्हणतात. माझी बहीण सारंगखेड्याला दिलेली. मागच्या दोन्ही आखाजींना तिच्या सासऱ्यांनी मला चहा पाजून एकट्याला परत पाठवलं होतं. एकदा सासूबाईंची कंबर धरली होती, एकदा घरात पाहुणे होते. गेल्या वर्षी तर निरोप देताना ते व्हॅनमध्ये डोकावले आणि सीटांच्या भेगा पाहून नुसतं हसले. ते हसणं मला वर्षभर पुरलं. गल्लीतल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत होत्या तेव्हा आमची आई दार लावून आत बसली होती.

म्हणून यंदा मी चंगच बांधला. बोट दाखवायला जागा म्हणून ठेवायची नाही. शहाद्याहून रेक्झिनचा रंग आणला, भेगा बुजवल्या, दोन हात मारले. मरून रंग असा खुलला की मीच बघत राहिलो. पण उन्हानं रेक्झिन तडकू नये म्हणून वडील वर्षानुवर्षं त्यावर शेंगदाणा तेलाचा बोळा फिरवत आलेले. तेल घरचं, हात सढळ. ते आत पार मुरलेलं. साबणाच्या फडक्यानं थोडंच निघणार होतं? ओट्यावर पाय ठेववत नव्हता इतकं ऊन, आणि रंग मात्र वाळायचं नाव घेईना.

"वाळना का रंग?" आई आतून विचारी.

"वाळी ऱ्हायना," वाळतोय म्हणून मी ओरडून सांगे.

शेवटी माझाच धीर सुटला. सीटवर जुनी चादर टाकली आणि दुपारीच निघालो. रस्ताभर एका हातानं चादर चाचपत होतो.

बहीण नवी साडी नेसून, पिशवी घेऊन दारातच उभी होती. मला बरं वाटलं. तेवढ्यात सासरे गाडीपाशी आले आणि त्यांनी चादरीचं टोक उचललं. ती चरचरत सुटली, तिच्या पाठीला मरून डाग.

"पाव्हना, रंग ते वला शे," ते म्हणाले. "नवी साडी खराब व्हई जाई. सण व्हई जाऊ दे, मंग धाडसूत."

अगदी मायेनं म्हणाले. राग आला तो त्याचाच. यंदा कारण शोधायची तसदीसुद्धा मी त्यांना दिली नव्हती, घरून घेऊनच आलो होतो.

बहीण पायऱ्या उतरून आली. आधी सासऱ्यांच्या, मग दारात आलेल्या सासूबाईंच्या पाया पडली. मग गाडीचं दार सरकवलं, चादर बाजूला लोटली आणि ओल्या रंगावर बसली. नुसती टेकली नाही, चांगली पाठ टेकवून बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"अगं, साडी..." मी म्हणालो.

"भाऊ, गाडी चालू कर," ती समोर बघत हळूच म्हणाली. "आते मी उठनू ते मंग बसता येवाव नही."