नाल्यापलीकडची मोहफुलं

नवऱ्याला मूल शहरातल्या राइस मिलमध्ये काम मिळालं म्हणून सोमारी छत्तीसगडातून या गावात आली, त्याला दोन महिने झाले होते. मराठी तिला कळायची, पण बोलता येत नसे. त्यामुळे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायकांच्या मागून ती जायची आणि एकटीच वेचायची.

त्या सकाळी सात बायका नाल्याच्या अलीकडे होत्या आणि ती पलीकडे वाकून फुलं वेचत होती. एकाएकी माकडं खेकसू लागली आणि जवळच्या झुडपातून वाघाची गुरगुर आली. ती झटकन उभी राहिली.

"सोमारी, पळू नको! उभीच राह्य!" अलीकडून त्या बायकांतली कमळाबाई ओरडली. "आमी येऊन राह्यलो!"

सातही बायका एकमेकींना चिकटून, डबे बडवत, आरडाओरड करत नाला उतरल्या. त्यांनी सोमारीला मधे घेतलं आणि झुडपावरची नजर न काढता सगळ्या उलट्या पावलांनी मागे सरल्या. सडक लागेपर्यंत कुणी कुणाचा हात सोडला नाही.

गावाजवळ आल्यावर कमळाबाई उखडली. "एकटी काऊन जाते वं? मरायचं हाये का तुले? उद्यापासून माह्या संगं चालजो."

गावात आल्यापासून तिच्यावर हक्कानं रागावणारं हे पहिलंच माणूस. सोमारीला रडू फुटलं.

"हव बाई," एवढाच होकार तिनं कसाबसा दिला.