कोर्टानं ठरवलेली बायको

"काकी गयी," असं सांगत नथू दारात उभा राहिला आणि उपरण्यानं डोळे पुसू लागला. मला दुःखाआधी किळस आली... जमनाकाकीला भर कोर्टात 'ठेवलेली बाई' म्हणणारा तिचा पुतण्या तो हाच.

काकी प्रकाशा गावात माझी शेजारीण. लहानपणीच विधवा झालेली. नथूचे चुलते दगडूकाका यांनी तिच्याशी पाट लावायची, म्हणजे पुनर्विवाहाची, परवानगी जातीच्या पंचांकडे मागितली. त्या थोर मंडळींनी ती दिली नाही. मग दोघांनी विचारणंच सोडलं आणि तापीकाठच्या मळ्यात संसार मांडला. पुढं तेच पंच यात्रेला तिच्या हातचे मांडे बोटं चाटत खाऊन जायचे. तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नाही!

दगडूकाका वारले आणि धर्म खडबडून जागा झाला. चितेची राख निवते न निवते तोच नथूनं मळ्यावर दावा लावला. नंदुरबारच्या कोर्टात एकेक पंच गंभीर चेहऱ्यानं सांगून गेला, यांचं लग्नच नाही. नथूच्या वकिलानं काकीला विचारलं, "लग्नाला साक्षीदार कोण?"

"ह्या समदा," काकी पंचांकडे हात करून म्हणाली, "मन्हा हातनं जेयेल शेतस."

नथू भडकून ओरडला, "काकी, तू खोटं बोली ऱ्हायनी!"

न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "काकाची बायको नाही, तर ही तुमची काकी कशी?"

इतकी वर्षं दोघं नवरा-बायकोसारखे राहिले, गावानं तसंच मानलं, म्हणजे ती बायकोच, असा निकाल लागला.

काकी जिंकली म्हणून मी हरखले. पण दुसऱ्याच दिवशी भाऊबंदांच्या बायका तिच्या हिरव्या बांगड्या फोडायला हजर! कोर्टानं बायको ठरवली, म्हणजे आता ती विधवा. काय ही अक्कल...

काकी उंबऱ्यावर उभी राहिली. "तो गया तवय कोन्ही उनं नही. आते कसाले उन्यात?" काका गेले तेव्हा न फिरकलेल्या त्या बायकांना एवढंच विचारून तिनं दार लावून घेतलं.

शेवटच्या आजारात मनगटं सुकली, तेव्हा तिनं बांगड्या स्वतःच उतरवल्या. काल मी तिच्या खोलीत गेले होते. काकीला मूलबाळ नव्हतं, म्हणून मळा, घर, सगळं आता नथूचं. पण बांगड्यांना हात लावायची त्याची छाती होत नाही. त्या खुंटीला तशाच आहेत... एकही फुटलेली नाही.