फेट्यावरचा आक्षेप

मी पहिल्यांदा निवडून आलो आणि कुणाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, माझं नाव लोकलेखा समितीत घातलं गेलं. सरकारनं पैसा कुठं आणि कसा खर्च केला हे तपासणारी विधिमंडळाची ही समिती. हिशेब तपासनीस आक्षेप काढत, खातं खुलासा देत असे आणि खर्च मान्य करायचा की वसूल करायचा हे आम्ही ठरवत असू. ‘आम्ही’ म्हणायचं आपलं. जाडजूड अहवाल समोर ठेवून मी गंभीर चेहरा करून बसायचो, आणि शेजारच्या सदस्यानं पान उलटलं की मीही उलटायचो. बोललं की अक्कल दिसते, एवढं मला कळत होतं.

त्या वर्षी गावोगावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरींचं अनुदान तपासायला घेतलं होतं. मागे आक्षेपांची यादी जोडली होती. ती वाचता वाचता खात्याचे अधिकारी थांबले आणि हसू दाबत म्हणाले, “पुढचा आक्षेप जरा वेगळा आहे. विहिरीस पाणी लागल्याबद्दल वडारास फेटा व त्याच्या कारभारणीस लुगडं-चोळी.”

सगळी समिती हसली. रक्कम अशी की आमच्या त्या दिवशीच्या चहा-फराळाला पुरली नसती. कुणीतरी म्हणालं, “लग्न लावलं वाटतं विहिरीचं.” मीही हसलो. मग गावाचं नाव वाचलं आणि अहवाल जवळ ओढून पुन्हा वाचलं. ते परांडा तालुक्यातलं, सोनारीच्या अलीकडचं माझंच गाव होतं, आणि ती ओळ कुणी लिहिली असणार हे मला न विचारता कळलं होतं.

ते माझे मास्तर. निजामाच्या काळात त्यांनी मला उर्दूतून गणित शिकवलं आणि शाळा सुटल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना, मराठी शुद्धलेखनही घालायचे. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस कारवाईनंतरचे दिवस आमच्याकडच्या मुसलमान घरांना फार वाईट गेले. मास्तरांचे थोरले भाऊ बायकापोरं घेऊन हैदराबादला गेले ते परतलेच नाहीत. मास्तर मात्र राहिले. पुढं ग्रामपंचायत झाली तेव्हा लिहिता-वाचता येणारा भरवशाचा माणूस म्हणून गावानं त्यांनाच सचिव केलं. शाळा सांभाळून ते हे काम करत.

त्यांचा हिशेब म्हणजे जे घडलं ते, जसंच्या तसं. पंचायतीच्या कंदिलाची काच शिपायाच्या हातून फुटली, तर ‘शिपायाच्या हातून फुटली’ असंच लिहायचे. सरपंच म्हणायचे, “मास्तर, ‘फुटली’ एवढं बास की.” त्यावर मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं. “तुमच्या अंगावरचा डाग धुतला की जातो, सरपंच. आमच्या अंगावर पडला की दिसतच ऱ्हातो. म्हणून म्या पडूच देत न्हाई.”

आता त्यांचं नाव आक्षेपाच्या यादीत आलं होतं आणि मुंबईत माणसं त्यावर हसत होती. मला राहवलं नाही. समितीत मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणालो, आमच्याकडं वडार खडक फोडून पाणी काढतो तेव्हा गाव त्याला आणि त्याच्या कारभारणीला आहेर करतं. आहेर न करता पाणी प्यायचं म्हणजे फुकटचं पिणं, आणि फुकटच्या पाण्याचा झरा टिकत नाही, असं लोक मानतात. मजुरीत हा आहेर धरलेला नसतो, पण ठरलेला असतो. आणि या सचिवाला चोरीच करायची असती तर त्यानं फेटा लिहिला असता का?

बोलणं बरं झालं असावं. अध्यक्ष म्हणाले, “मराठवाड्याचा दौरा आहेच आपला. बघून येऊ तुमची विहीर.” माझी छाती फुगली. आपण मास्तरांना वाचवलं, असं मला त्या दिवशी खरोखरच वाटलं.

दौऱ्यात परांड्याहून आमच्या जीपगाड्या धुरळा उडवत गावात आल्या. सदस्य विहिरीत डोकावले, पोहऱ्यानं पाणी काढून प्याले, गोड आहे म्हणाले. शाळेपुढं सतरंजी अंथरली होती. भाषणं झाली आणि एक माणूस तबक घेऊन पुढं आला. तबकात नवेकोरे फेटे होते, आमच्यातल्या प्रत्येकाला एक.

मी इकडंतिकडं मास्तरांना शोधलं. मास्तर बाजूला उभे होते, धुतलेली शेरवानी घालून. मी सरकत त्यांच्याजवळ गेलो आणि हळूच विचारलं, “मास्तर, हे फेटे कुणाकडून?”

“पंचायतीकडनं.”

“म्हणजे पंचायतीच्या पैशातनं?”

“मंग? पाहुणे पंचायतीचेच हायती की.”

दोन गोष्टी करता आल्या असत्या. एक म्हणजे पुढं होऊन सांगायचं, की आम्ही हिशेब तपासायला आलोय, आम्हाला फेटे चालत नाहीत. पण साऱ्या गावासमोर आहेर नाकारायचा म्हणजे गावाच्या तोंडात मारण्यासारखं. दुसरी म्हणजे मास्तरांच्या कानात सांगायचं, की बांधा, पण लिहू नका. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांना लिहू नका कसं म्हणायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर माझी पाळी आली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी मान वाकवली.

वडाराचा फेटा समितीनं मान्य केला. ‘यापुढे असे घडू नये’ असा शेरा मारून, पण मान्य केला. पुढच्या वर्षीच्या यादीत त्याच गावाचं नाव पुन्हा आलं. या वेळी खात्याच्या अधिकाऱ्यानं अगदी खालच्या आवाजात वाचलं, “समितीच्या सन्माननीय सदस्यांस फेटे.”

कुणीही हसलं नाही. एक ज्येष्ठ सदस्य चष्मा पुसत बसले. अध्यक्ष म्हणाले, “आपल्याच डोक्यावरचे फेटे आपणच मान्य कसे करायचे?” त्यांचंही चुकीचं नव्हतं. मी म्हणालो, आपण सगळ्यांनी आपापल्या फेट्याचे पैसे भरून टाकू. तेव्हा शेजारचे सदस्य माझ्या कानाशी लागले, “अहो, भरले की आपण ते घेतले हे आपल्याच सहीनं कागदावर येईल. वर्तमानपत्रवाले सोडतील का?” मग खर्च नियमबाह्य असल्यानं तो सचिवाकडून वसूल करावा, असं ठरलं. ज्यांना फेटे मिळाले त्यांनी एकमतानं ठरवलं, आणि त्या एकमतात मीही होतो.

मास्तरांना नोटीस गेली. तिची प्रत नियमाप्रमाणे पंचायतीच्या फळ्यावर लागली. ही वसुली चुकती होईपर्यंत पेन्शनचे कागद पुढं सरकणार नव्हते, आणि मास्तर निवृत्तीला आले होते. परांड्याच्या बाजारात गावचा एक माणूस भेटला, त्यानं सांगितलं, “मास्तरांचं नाव लागलंय फळ्यावर. वाचता येत न्हाई ती लोकं बी वाचून घ्यायलीत दुसऱ्याकडनं. कुणी म्हणायलंय, बघा, शेवटी खाल्लेच की पैसे.” ते ऐकून मला बाजारात उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी मी पैसे घेऊन मास्तरांकडं गेलो. त्यांनी पैशाकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. “आहेर केल्यावर पैशे परत घेतेत व्हय? म्या भरले ते. पगारातनं.” रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली, आईच्या तब्येतीची चौकशी केली. मी जेवून उठलो तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि मास्तर सज्जन होते म्हणून आपण सुटलो हे कळत असूनही वाटलं.

त्यानंतर गावाला दुसरी विहीर मंजूर झाली, वस्तीच्या वरच्या अंगाला. पुढच्या अहवालातल्या गावांच्या यादीत मी आधी आमचंच गाव शोधलं. ‘आक्षेप नाही.’ मी ती ओळ पुन्हा वाचली. अधिवेशन संपल्यावर मी घरी न जाता आधी मास्तरांकडं गेलो. वाटेत विचार केला, ही बातमी आपणच दिली पाहिजे, तेवढंच ओझं उतरेल.

ते ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत होते. मी सांगितलं. “बरं झालं,” एवढंच म्हणाले.

“मास्तर, या विहिरीला पाणी लागलं तेव्हा वडाराला काही दिलं नाही का?”

“दिलं की. फेटा, लुगडं, चोळी. पैल्यापरमाणंच.”

“पण हिशेबात तर नाही.”

त्यांनी वही बाजूला ठेवली. “घमेली लिहिली. फुटली, नवी घेतली, म्हणून. तुमच्याकडं फेट्याला जागा न्हाई, घमेल्याला हाय. आक्षेप आला का सांग?”

“नाही आला.”

“मंग शिकलो म्हणायचं.” मग आवाज उतरवून म्हणाले, “लिहिताना हात लई वेळ थांबला. पेन्शन डोळ्याम्होरं होती. लिवलं मंग.”

हा माणूस एवढ्या वाईट दिवसांत बदलला नव्हता, त्याला आम्ही एका शेऱ्यानं आणि एका वसुलीनं बदललं होतं. सरकारचा पैसा वाचवायला बसलेल्या आम्ही काय घालवलं होतं, हे कुठल्याच अहवालात येणार नव्हतं.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी यादीतल्या आमच्या गावाच्या नावावर बोट ठेवलं. “आधी दोनदा आक्षेप, आणि आता अगदी स्वच्छ. समितीच्या कामाचा परिणाम म्हणून याचा उल्लेख करू.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुमचंच गाव ना हे?” मी हो म्हणालो. खरं सांगावं तर मास्तरांवर खोट्या हिशेबाचा ठपका आला असता, वर पेन्शन गेली असती. न सांगण्याला माझ्याकडं हे चांगलं कारण होतं. तसलं चांगलं कारण मला दर वेळी सापडत आलं आहे.

खात्याकडून मास्तरांना अभिनंदनाचं पत्र गेलं. ते निवृत्त झाले त्या दिवशी शाळेपुढं छोटा समारंभ झाला आणि सरपंचांनी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ज्यांनी फळ्यावरची नोटीस वाचून घेतली होती त्यांनीही टाळ्या वाजवल्या. नंतर मी मास्तरांबरोबर त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर गावातली चार माणसं येऊन बसली होती. मास्तरांनी पत्राची घडी घातली आणि माझ्याकडं पाहून हळूच विचारलं, “आता म्या गेल्यावर लोक म्हणतील, मास्तर हिसाबाचा साफ माणूस व्हता. ते खरं व्हईल का रे?”

“खरंच होईल, मास्तर,” मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो, ओट्यावरच्या माणसांना ऐकू जावं म्हणून.

ते हळू बोलले होते, कारण त्यांना फक्त मला विचारायचं होतं. त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन चहा ठेवायला सांगितलं. मी गावात जात होतो तोवर ते माझ्याशी नीट वागले, चहा पाजत राहिले, पण त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.